दुसरं बटण

१२ फेब्रुवारी

वन्संना नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, छापील पत्रक. वर ‘प्रिय उद्योजक’ आणि खाली तुमची सही, तीही छापलेली. इतक्या वर्षांनी माहेरी काही धाडलंत आणि त्यात सख्ख्या भावाला ‘उद्योजक’ म्हटलंत, हे बघून मला हसू आवरेना. तुमच्या भावाला मात्र हसू आलं नाही. त्यांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, “आपण तर आधीच बसतो की यात.”

बसतो म्हणजे कसे ते सांगते. तुमची संस्था कंपन्यांकडून वचन घेते ना, की बाईला बाई म्हणून मागे ठेवणार नाही? मालकांच्या टेबलाशी बायका, प्रत्येक कामावर बायका, पगार सारखा, जागा बिनधोक. तर आपल्या झाकणांच्या कारखान्यात संचालक तिघं. एक हे, एक तुमच्या आई आणि एक मी. तिघांत दोन बायका! एवढं प्रमाण गावात कुणाचं नसेल, असं हे हिशेबनिसाला छाती फुगवून सांगत होते. तुमच्या आई रोज सकाळी मला विचारतात, तू कोण गं? आज मी म्हटलं, मी संचालक आणि तुम्हीपण संचालक. तर म्हणाल्या, बरं, मग माझी उशी सरळ कर.

मी कितपत संचालक आहे हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मामंजी गेले तेव्हा तुम्ही मशीनवर डाय, म्हणजे झाकणांचे साचे, बसवत होतात, नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखत होतात, आणि मी घरात कपड्यांच्या घड्या घालत होते. खुर्ची मला मिळाली. मुलगी आज ना उद्या सासरी जाईल, सून कुठे जातेय, असं म्हणून मामंजींनी आधीच ठरवून ठेवलं होतं. तुम्ही सासरी गेलाच नाहीत, पण घरातून गेलात, आणि जाताना त्यांच्या पान्यांच्या कपाटाची किल्ली घेऊन गेलात. ते कपाट अजून तसंच बंद आहे. यांनी ते फोडलं नाही, का ते मला विचारू नका. त्या खुर्चीवर मी एकदाही बसलेले नाही. वर्षातून एकदा हे कागद घरी आणतात आणि मी स्वयंपाकाच्या ओट्यावर सही करते.

यांनी तुमच्या पत्रकावर सही करून धाडली आहे. आता तुमची माणसं बघायला येतील म्हणे. तुम्हीच या ना. चिरंजीवांचं लग्नही ठरलंय, जुलैत. मुलगी गोड आहे, शिकलेली आहे, आमच्या चिरंजीवांना ती कशी पसंत करून बसली ते तिचं तिलाच माहीत.

हे पत्र मी आपणहून लिहिते आहे. यांना पत्ताच नाही.

तुमची,
वहिनी

(वन्सं म्हटलं की म्हातारं झाल्यासारखं वाटतं म्हणून तुम्ही चिडायचात. अजून चिडत असाल तर तेवढ्यासाठी तरी उत्तर लिहा.)


१९ मार्च

वन्सं,

उत्तर नाही. बरं. मी लिहीत राहणार, मला आता केबिन आहे.

केबिन म्हणजे पूर्वी रिकामे ड्रम ठेवायचे ती खोली. भिंतींना पांढरा रंग दिला, वास गेला नाही. दारावर पाटी आहे: ‘संचालक, सुरक्षा व समानता’. मी यांना म्हटलं, सुरक्षेतलं मला काय कळतं? तर म्हणाले, कळायचं काय त्यात, कुणी विचारलं तर पाटी दाखव. एवढी वर्षं मला प्रेसच्या खोलीत यायची बंदी होती. जेवणाचा निरोप घेऊन आले तरी दारातच थांबायचं, आणि तुम्ही आतून काळे हात हलवून दाखवायचात. आता मला सगळीकडे फिरून दाखवतात, नव्या पाहुण्यासारखं.

बायका नुसत्या पॅकिंगमध्ये असून चालणार नाही, असं तुमच्या ऑफिसातून कळवलं होतं. म्हणून पॅकिंगमधल्या काही जणींना प्रेसवर घेतलं. त्यातली एक मला फार आवडते. सगळे तिला टाचणी म्हणतात, अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार म्हणून. मी तिला विचारलं, हे काम जड नाही का पडत? म्हणाली, “पॅकिंगला वाकून वाकून माझी पाठ गेली होती, बाई. इथे मान वर करून उभी तरी राहते.” पगारही आता तिला पुरुषाएवढा मिळतो. घरी सासू तिला आधी वाढते म्हणे, हे ती खो-खो हसत सांगत होती.

एकच अडचण आहे. प्रेस चालवायला दोन बटणं आहेत, एक डावीकडे, एक उजवीकडे, चांगली खांद्याएवढ्या उंचीवर. खांदा म्हणजे पुरुषाचा. दोन्ही एकदम दाबली की वरचा ठोकळा खाली येतो आणि पत्र्याचं झाकण होऊन बाहेर पडतं. टाचणीचे हात तिथवर पुरत नाहीत. तिला खोकं दिलंय उभं राहायला, तरी दुसऱ्या बटणासाठी तिला पार ताणून धरावं लागतं, आणि खोकं डगमगतं. मी विचारलं, दोन बटणं कशाला, एकाने भागत नाही का? तिथले पुरुष एकमेकांकडे बघून हसले. का हसले ते कुणी सांगितलं नाही, आणि पाटीवाल्या बाईने पुन्हा विचारायचं कसं, म्हणून मीही गप्प बसले.

यांना मात्र सांगितलं की ती बटणं खाली घ्या. म्हणाले, त्यासाठी लाइन बंद ठेवावी लागेल, मोठ्या ऑर्डरचं काम चालू आहे, तुझ्या नणंदेची माणसं येऊन जाऊ देत, मग बघू. ती बटणं बसवली तेव्हा तुम्ही मामंजींच्या हाताखाली होतात ना? तेव्हा कुणाच्या मापाने बसवलीत हो?

वहिनी


१६ एप्रिल

वन्सं,

आम्ही पास झालो. फलक मिळाला. फाटकावर मोठ्या अक्षरांत लावलाय, ‘समान संधी, समान सन्मान’, आणि त्यावर छोटा दिवासुद्धा आहे.

तुमच्या ऑफिसातून एक मुलगी आणि एक मुलगा आला होता. दोघंही गोड, दमलेली. तुम्ही याल म्हणून मी तुमच्यासाठी खुर्ची मांडली होती, ती शेवटी त्या मुलाने बॅग ठेवायला घेतली. ताई हल्ली ऑफिसातच असतात, कंपन्यांचे फोन फार असतात, असं ती मुलगी म्हणाली. मला त्यांनी बरेच प्रश्न विचारले. यांनी मला उत्तरं पाठ करून घेतली होती, शाळेत कविता घेतात तशी. मी एकही चुकले नाही. टाचणीला बाकी त्यांनी खोक्यावरून उतरवून फोटो काढला, खोकं चांगलं दिसत नाही म्हणून.

त्या दोघांनी प्रेसच्या खोलीत फार वेळ काढला नाही, आवाजाने त्यांचं डोकं दुखायला लागलं.

आणखी एक चांगलं झालं, ते सांगायचं राहिलं. बटणं खाली घेता आली नाहीत, पण मिस्त्रीने दुसऱ्या बटणात लाकडाची एक छोटी पाचर ठोकून दिली आहे. ते बटण आता दाबलेलंच राहतं. टाचणीला एकच दाबावं लागतं, ताणायला नको, खोकंही हलत नाही. भेटीच्या दिवशी सगळ्या बायकांचं काम किती झरझर चाललं होतं! मी मिस्त्रीला म्हटलं, छान सोय केलीत. तो काही बोलला नाही, हात पुसत निघून गेला. त्याचा स्वभावच घुम्या आहे.

लग्नपत्रिका सोबत ठेवली आहे. आत्या म्हणून तुमचं नाव घातलंय, ते तरी बघा.

वहिनी


४ मे

वन्सं,

माझं एप्रिलचं पत्र तुम्ही उघडलं होतं का? एवढंच मला कळवा. बाकी काही नको.

टाचणीचा उजवा हात प्रेसमध्ये गेला. अंगठा तेवढा राहिला आहे.

मी केबिनमध्येच होते. प्रेसचा आवाज जराही चुकला नाही, म्हणून कुणी वर बघितलं नाही. एक पत्रा वाकडा बसला होता. तिने तो सरळ करायला उजवा हात आत घातला आणि तिचं डावं कोपर पहिल्या बटणाला लागलं. दुसरं तर दाबलेलंच होतं. ती ओरडली नाही. शेजारची ओरडली. मी बाहेर आले तेव्हा मिस्त्रीने स्विच पाडला होता आणि टाचणी खोक्यावर बसून आपल्या हाताकडे बघत होती, दुसऱ्या कुणाचा हात असावा तशी. मला म्हणाली, “बाई, घरी सांगू नका.” काय सांगायचं नाही ते तिलाही ठाऊक नसावं.

दवाखान्यात हे भिंतीला डोकं टेकून रडले. मी खोटं सांगत नाही, वन्सं, खरोखर रडले. मग डोळे पुसून बाहेर गेले आणि त्यांनी वकिलाला फोन लावला.

मी मिस्त्रीपाशी जाऊन बसले. म्हटलं, आता तरी सांगा, बटणं दोन का असतात?

“दोन्ही हात बटणांवर असले की एकही हात प्रेसखाली नसतो,” तो म्हणाला. “म्हणून दोन.”

“मग पाचर का ठोकलीत?”

“साहेब म्हणाले, भेटीपुरती ठोक. मग काढायचं कुणी बोललंच नाही.”

“आणि मी छान सोय केलीत म्हटलं, तेव्हा का नाही बोललात?”

त्याने माझ्याकडे बघितलं. “तुम्ही सुरक्षेच्या संचालक,” तो म्हणाला. “मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.”

तुम्ही त्या खोलीत नुसत्या शिरला असतात तरी ते बटण बघून स्विच पाडला असतात. अगदी पत्र वाचूनसुद्धा फोन केला असतात, माझ्याशी बोलायचं नसतं तरी मिस्त्रीला केला असतात. ते पत्र टाचणीचा हात जायच्या बऱ्याच आधी तुमच्याकडे पोचलं होतं. म्हणून विचारते, उघडलं होतं का?

वकील घरी येऊन गेले. त्यांचं म्हणणं, पाचर टाचणीनेच बसवली असं सांगायचं, काम लवकर उरकावं म्हणून. पाटी माझ्या नावाची आहे, चौकशीत पहिला प्रश्न मलाच येणार, तेव्हा मी एवढंच म्हणायचं की मला कल्पना नव्हती, ती तिची चूक. हे मला म्हणाले, तू फक्त मान हलव, बाकी आम्ही बघतो. वन्सं, मी त्या वाक्यावर संसार केलाय.

आणि आता लपवून काय करायचं? फेब्रुवारीचं पत्र यांनीच लिहायला लावलं होतं, बहिणीची माणसं जरा सांभाळून घेतील म्हणून. पुढची दोन माझी होती. हेही माझं आहे.

वहिनी


२ जून

वन्सं,

तुमचं पत्र आलं. या वेळी सही शाईची होती.

उघडलं नव्हतं, असं तुम्ही लिहिलंत. तिन्ही पत्रं ड्रॉवरमध्ये तशीच होती, चौथं आल्यावर सगळी एकदम वाचलीत, आणि पाचरीच्या ओळीशी आल्यावर खाली जमिनीवर बसलात. ते वाचून मला तुमचा भयंकर राग आला. गावोगावच्या कंपन्यांना बायकांचं ऐका म्हणून सांगत फिरता आणि घरच्या बाईचं पाकीट फोडवत नाही? दोन दिवस मी मनातल्या मनात तुमच्याशी कडाकडा भांडले. मग राग गेला असं नाही, पण तुम्हाला त्या दारातून बाहेर काढलं कुणी, तेही आठवलं. तुम्ही आत असतात तर पत्र लिहायची वेळच आली नसती.

चौकशी झाली. कारखाने तपासणारे साहेब माझ्याच केबिनमध्ये बसले, मी त्यांच्यासमोर. हे दाराशी उभे होते. साहेबांनी विचारलं, पाचर कुणी ठोकली? मी म्हटलं, मिस्त्रीने ठोकली, मालकांनी सांगितलं म्हणून ठोकली, मी ती बघितली आणि त्याला शाबासकी दिली. टाचणीने यातलं काही केलेलं नाही. साहेबांनी विचारलं, तुम्हाला त्यातला धोका कळला नाही? मी म्हटलं, नाही. मला कळत नाही म्हणूनच मला इथे बसवलंय. ज्यांना कळत होतं त्यांना आम्ही ठेवलं नाही.

साहेब भला माणूस असावा, त्याने पेन खाली ठेवलं. पण लिहायचं ते लिहिलंच.

घरी आल्यावर हे माझ्याशी भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “मुलाच्या लग्नाच्या तोंडावर तू हे केलंस.” तेवढंच. तेव्हापासून आमच्यात आईंच्या औषधांखेरीज बोलणं नाही. त्या बिचाऱ्या मधूनच विचारतात, या घरात कुणी गेलंय का?

टाचणीकडे जाऊन आले. ती डाव्या हाताने केस विंचरत होती, गुंता सुटत नव्हता. मी कंगवा घ्यायला हात पुढे केला तर म्हणाली, राहू द्या. तिची सासू बाहेर बसली होती, तिने माझ्याकडे बघितलंही नाही. निघताना टाचणी म्हणाली, “बाई, दोन बटणं कशाला असं तुम्ही विचारलं होतंत ना? पहिल्या दिवशी मीपण तेच विचारलं होतं. मलाही ते नुसते हसले.”

मला तिथे रडायचं नव्हतं. रस्त्यावर येऊन रडले.

वहिनी


२१ ऑगस्ट

वन्सं,

लग्न झालं. तुमची खुर्ची रिकामी होती, टाचणीचीही. तिला मी पत्रिका द्यायला गेले होते, तिने डाव्या हातात घेतली आणि दार लावून घेतलं.

माझ्यावर खटला भरला आहे. माझ्या एकटीवर. यांच्यावर नाही, कारण यांच्या दारावर ‘व्यवस्थापकीय’ अशी पाटी आहे, सुरक्षेची पाटी माझी. पाचर ठोकायला यांनीच सांगितलं, हे मिस्त्रीने कबूल केलं तरच टिकेल, पण तो म्हणतो, मला आठवत नाही. त्याला मी दोष देत नाही, त्याला तीन मुली आहेत. वकील म्हणतात, शिक्षा बहुधा फार होणार नाही. बहुधा.

बायकांना पुन्हा पॅकिंगमध्ये पाठवलं. त्यांच्याच भल्यासाठी, असं सांगितलं. प्रेसवर आता सगळे पुरुष आहेत, पाचर काढली आहे, आणि बटणं होती त्याच उंचीवर आहेत. बायकांना ते काम झेपत नाही, हे आता अख्ख्या कारखान्याला पटलं आहे. माझ्या या कानांनी ऐकलं. टाचणीचा हात गेला तो गेला, वर हे सिद्ध झालं.

आणि गेल्या आठवड्यात तुमच्या ऑफिसातून छापील कागद आला: वचन निष्ठेने पाळल्याबद्दल अभिनंदन. पत्ता होता, ‘संचालक, सुरक्षा व समानता’. तो तुम्ही धाडला नाहीत हे मला कळतं. मशीन धाडतं.

तुम्ही लिहिलंत की आमच्या कंपनीचं नाव तुम्ही यादीतून काढायला लावणार. मी सांगते ते ऐकाल? नाव काढलंत तर फाटकावरचा फलक उतरेल, छोटा दिवा उतरेल, आणि हे निवांत होतील. मग इथे कुणी बघायलासुद्धा येणार नाही. नाव ठेवा आणि तुम्ही या. दुसऱ्या कुणाला धाडू नका. ज्या खोलीत डोकं दुखतं त्या खोलीत उभं राहणारं माणूस हवं आहे.

घाई का करते ते सांगते. संचालकांतून माझं नाव काढलं. खटला असलेली बाई कंपनीला शोभत नाही म्हणून. पण तिघांत दोन बायका तर हव्यातच, नाहीतर फलक जाईल. तेव्हा माझ्या जागी सूनबाईचं नाव घातलं. तिने परवा सही केली, माझ्याच ओट्यावर, माझ्याच पेनाने. बाबांनी किती विश्वास टाकला माझ्यावर, असं म्हणत ती मला बिलगली. केबिनच्या दारावर पाटी तीच आहे, तिला नवीन करावी लागली नाही.

पोर हुशार आहे, वन्सं. माझ्यासारखी नाही, तिला खरोखर शिकायचं आहे. काल म्हणाली, आई, मला सगळं दाखवा. जेवणाच्या सुट्टीत प्रेस बंद होते तेव्हा मी तिला तिथे घेऊन गेले. म्हटलं, ही दोन बटणं, आणि दोन का आहेत ते आधी सांगते, मग बाकीचं. सगळं सांगितलं, टाचणीचंही, एक शब्द गाळला नाही. तिचं तोंड उतरलं. मग तिने हात लांब केले आणि दोन्ही बटणांना एकदम हात लावून बघायला लागली. चवड्यांवर उंच झाली. पहिलं बटण सापडलं, दुसऱ्याला बोटं पोचेनात.

तिने मागे वळून बघितलं आणि मला विचारलं, “आई, एखादं खोकं मिळेल का?”

मी खोकं दिलं नाही. म्हटलं, थांब, आत्याबाई येणार आहेत.

पान्यांच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडे आहे. घेऊन या.

वहिनी